मिटवलेलं कार्ड, साडूचा ट्रॅक्टर आणि ६११ चा सिबिल: नाशिकमधल्या एका गृहकर्जाचं प्रकरण

बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर शनिवारी ओळखीपाळखीतल्या लोकांचे सिबिल अहवाल, म्हणजे त्यांनी कर्जं आणि कार्डं कशी फेडली याच्या नोंदी, वाचून देतो. त्यातलंच हे एक प्रकरण, त्या कुटुंबाला विचारून लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. नवऱ्याला भाऊ आणि बायकोला वहिनी म्हणतो, समोर असतानाही हाक तीच असते.

पार्श्वभूमी

भाऊ अडतीस वर्षांचे. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, हातात पगार ४६,००० रुपये. वहिनी खासगी शाळेत शिकवतात, त्यांच्या खात्यात १७,००० येतात. दोन मुलं शाळेत. सिडकोत भाड्याचं घर, भाडं ९,५००. गाव निफाड तालुक्यात, तिथे वडील आणि थोडी शेती. अकरा वर्षांच्या संसारात काटकसर करून साडेसहा लाख जमवलेले.

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, पाथर्डी फाट्याच्या बाजूला ३८ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट बघून त्यांनी ५१,००० रुपये टोकन दिलं. मुहूर्त चांगला होता, फ्लॅटला सकाळचं ऊन होतं, मुलांची शाळा जवळ पडत होती. कर्ज मिळेल की नाही, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला नाही. भाऊंनी कंपनीच्या कामगार पतसंस्थेतून आठ वर्षांत दोन कर्जं घेऊन एकही हप्ता न चुकवता फेडली होती. आपण पैसे बुडवणाऱ्यातले नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते खरंही आहे.

अडचण

पगार ज्या बँकेत होतो तिथेच अर्ज केला. आठवड्याभरात उत्तर आलं की अर्ज पुढे जाणार नाही, सिबिल ६११ आहे.

हा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ७५० च्या वर असेल तर गृहकर्जाला सहसा अडचण येत नाही आणि दरही बरा मिळतो. सातशेच्या खाली गेलं की सरकारी बँका हात आखडता घेतात. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे स्कोअरलाच सिबिल म्हणायची पद्धत पडली आहे. अशा चार कंपन्या देशात काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींचे आकडे थोडेफार वेगळे येतात.

नकार आल्यावर घाबरून जे झालं त्यानं आणखी नुकसान केलं. बिल्डरच्या ऑफिसात बसणाऱ्या कर्ज एजंटानं "तुम्ही काळजी करू नका, मी करून देतो" म्हणत फाइल अकरा दिवसांत पाच ठिकाणी टाकली. प्रत्येक ठिकाणी अहवाल काढला गेला, प्रत्येक वेळी नवी चौकशी नोंदली गेली. भाऊंनी फोनवरच्या एका कर्जाच्या अ‍ॅपमध्येही "पात्रता तपासा" दाबून पाहिलं. पहिल्या बँकेसकट तीन आठवड्यांत सात चौकशा. पुढचा कर्जदाता हे बघतो तेव्हा त्याला एवढंच दिसतं की हा माणूस दारोदार पैसे मागत फिरतोय.

दिवाळी त्यांनी तशीच काढली. ९ नोव्हेंबरच्या शनिवारी दोघं माझ्याकडे आले. वहिनींच्या हातात नकाराच्या मेसेजचं प्रिंटआउट होतं. त्या म्हणाल्या, "काका, आम्ही कुणाचे पैसे बुडवलेत ते तरी सांगा."

अहवालात काय होतं

६११ या आकड्यावर तासन्‌तास बोलून काही हाती लागत नाही. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, कशाचा आहे ते सांगत नाही. त्यासाठी पूर्ण अहवाल ओळ न्‌ ओळ वाचावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०१७ पासून चारही कंपन्यांना प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही. भाऊंना दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना नसतात.

चारही अहवाल टेबलावर मांडले आणि वाचायला बसलो.

पहिलं सापडलं ते जुनं क्रेडिट कार्ड. २०१८ मध्ये घेतलेलं, मर्यादा ४०,०००. २०२० च्या टाळेबंदीत कारखाना काही आठवडे बंद राहिला, ओव्हरटाइम तर बराच काळ थांबला. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते लांबवायची सवलत होती, ती त्यांनी घेतली आणि नंतर कसंबसं भरत राहिले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वडील दवाखान्यात होते, तेव्हा कार्ड थकलं. व्याज आणि दंड धरून आकडा ६८,४०० झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये वसुलीवाल्याचा फोन आला, "तीस हजार भरा, विषय मिटवून टाकू." भाऊंनी उसने घेऊन भरले. पत्रही मिळालं. ते पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलं होतं.

"मी तर ते मिटवलं होतं काका," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

या एका शब्दावर मी बराच वेळ थांबलो, कारण गोंधळाची मुळी तिथेच आहे. आपल्याकडे भांडण मिटलं, व्यवहार मिटला म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. अहवालात मात्र त्या खात्यापुढे "सेटल्ड" लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ होतो की देणं पूर्ण आलं नाही, बँकेनं उरलेल्यावर पाणी सोडलं. भाऊंच्या खात्यापुढे ३८,४०० रुपये माफ केल्याची नोंद होती. ज्या कागदाला ते अडीच वर्षं सुटकेचा दाखला समजत होते, तोच गृहकर्जाच्या अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त खटकणारा होता. वसुलीवाल्यानं हे समजावून सांगायला हवं होतं. ते कुणी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो.

दुसरी ओळ बघून वहिनी गप्प झाल्या. ट्रॅक्टरचं कर्ज, भूमिका "जामीनदार", ३१ ऑक्टोबरपर्यंत ६२ दिवस थकीत, रक्कम ५७,०००. ट्रॅक्टर साडूंचा, म्हणजे वहिनींच्या सख्ख्या बहिणीच्या घरचा. २०२२ मध्ये भाऊंनी सही केली होती. पाच वर्षांचं कर्ज, हप्ता दर सहा महिन्यांनी, ऑगस्टअखेर आणि फेब्रुवारीअखेर. जामीन राहणं म्हणजे नात्यातली भीड, सही करून द्यायची आणि विसरून जायचं, असाच आपला समज असतो. पण त्या खात्याची नोंद जामीनदाराच्याही अहवालात येते, आणि ते थकलं की डाग दोघांना लागतो.

तिसरी ओळ तर भाऊंची नव्हतीच. दुसऱ्या जिल्ह्यातलं दुचाकीचं कर्ज, बरेच हप्ते थकलेले. नाव आणि आडनाव तेच, जन्मतारीख तीच, वडिलांचं नाव वेगळं. चारपैकी दोन अहवालांत ते भाऊंच्या नावावर चिकटलं होतं.

चौथी गोष्ट चालू कार्डाची. मर्यादा ५०,०००, वापर ४६,०००. मुलांची जूनची फी त्यावर भरली होती आणि तेव्हापासून किमान रकमेवर ओढणं चाललं होतं. मर्यादेच्या काठापर्यंत भरलेलं कार्ड स्कोअरला खाली खेचतं, आणि त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत होतं ते वेगळंच.

अहवालात जे नव्हतं तेही लिहायला हवं. पतसंस्थेची दोन्ही कर्जं, आठ वर्षांचे चोख हप्ते, यांची एका ओळीचीही नोंद नव्हती. त्या पतसंस्थेचा हिशेब या कंपन्यांकडे जातच नव्हता. भाऊंच्या चांगुलपणाचा सगळा पुरावा अशा वहीत होता जी बँक उघडत नाही. वहिनींच्या नावावर तर काहीच नव्हतं, स्कोअरच्या जागी "इतिहास नाही".

समोरचे पर्याय

एका खासगी गृहवित्त कंपनीनं ६११ वरही कर्ज द्यायची तयारी दाखवली होती. दर साडेअकरा टक्के, प्रक्रिया शुल्क दोन टक्के. एजंटाचा आग्रह असा की आत्ता घ्या, दोन वर्षांनी कर्जाची बँकेत बदली करून घ्या. हा पर्याय टाकाऊ नव्हता. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही, त्यामुळे बदली करता येते. पण २९ लाखांवर वीस वर्षांसाठी हप्ता येत होता ३०,९२६ रुपये. दोघांचा मिळून पगार ६३,०००, त्यातला निम्मा हप्त्यात. वर चालू कार्ड, दोन शाळांच्या फिया, गावी वडिलांची औषधं. एखादा महिना जरी हप्ता चुकला असता तरी दोन वर्षांनी बदली करायला लागणारा स्कोअर आलाच नसता. पगारात जास्त ढिलाई असती तर मी कदाचित "घ्या" म्हणालो असतो.

दुसरा पर्याय सिबिल "दुरुस्त" करून देणाऱ्या माणसाचा. पंधरा हजार रुपये, साठ दिवसांत ७५०, अशी हमी. भाऊ जवळजवळ पैसे देऊन बसले होते. त्या माणसानं आधार, पॅन आणि फोनवर येणारे ओटीपी मागितले म्हणून वहिनींनी थांबवलं. अहवालातली नोंद ज्यानं कर्ज दिलं त्याच्या दुजोऱ्याशिवाय बदलत नाही, सिबिल कंपनीही परस्पर बदलू शकत नाही. मग हा मधला माणूस काय करतो? खऱ्याखोट्या सगळ्याच नोंदींवर सरसकट हरकती टाकतो. चुकीची नोंद असेल तर ती तुम्ही स्वतः हरकत टाकूनही निघते, फुकट. खरी असेल तर हरकत फेटाळली जाते आणि पंधरा हजार जातात. ओटीपी दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्यातून पुढे काय होईल, ते सांगायला नको.

फक्त वहिनींच्या नावावर कर्ज काढायचं, हाही विचार झाला. १७,००० पगार, कर्जाचा इतिहास नाही. त्यात फ्लॅट बसत नव्हता. दोन मिनिटांत तो सोडला.

राहिला थांबण्याचा पर्याय. आठ-दहा महिने अहवाल साफ करायचा आणि मग एकाच ठिकाणी अर्ज करायचा. याची किंमत मी कागदावर मांडली: दहा महिन्यांचं भाडं ९५,०००, टोकनाचा काही भाग जाण्याची भीती, फ्लॅटचे भाव वाढण्याची भीती. आणि दसऱ्याला बघितलेलं ते सकाळचं ऊन. ते आकड्यात बसत नाही, पण निर्णय जड झाला तो त्यामुळेच.

त्या शनिवारी निर्णय झाला नाही. सोमवारी रात्री वहिनींचा फोन आला, "थांबतो आम्ही. पण नेमकं काय करायचं ते लिहून द्या."

काय केलं

सगळ्यात आधी ट्रॅक्टर. कार्डाचा डाग जुना होता, आणखी महिनाभर थांबला असता तरी फरक पडला नसता. ट्रॅक्टरचं घड्याळ मात्र चालू होतं. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं बुडीत वर्गात जातं, आणि तो दिवस २८ नोव्हेंबरच्या आसपास येत होता. हातात अडीच आठवडे.

इथे हिशेबापेक्षा नातं अवघड होतं. साडू लबाड नव्हते. अवकाळीनं सोयाबीन भिजलं, कांद्याची रोपं दोनदा टाकावी लागली, हातात २०,००० उरले होते. आपल्या घरासाठी बहिणीच्या नवऱ्यापुढे हात पसरल्यासारखं होईल, म्हणून वहिनींना फोन करवत नव्हता. भाऊंचा सूर वेगळा, "सही माझी आहे, फोन मी करतो." शेवटी दोघं रविवारी गावी गेले, छापील अहवाल घेऊन. माझ्या मते तो कागद नेला हे बरं केलं. भांडणाला जागा राहिली नाही, सगळ्यांनी तीच ओळ वाचली. साडूंनी २०,००० आणि भाऊंनी ३७,००० घालून २२ नोव्हेंबरला हप्ता भरला. लाल कांदा विकला की पैसे परत, असं ठरलं. जानेवारीत लासलगावला माल गेल्यावर ३०,००० परत आले. सात हजार अजून यायचे आहेत आणि त्यांचा विषय कुणी काढत नाही.

जामिनातून नाव काढून घेण्याचाही प्रयत्न केला. कर्ज देणाऱ्यानं स्पष्ट नाही म्हटलं. जामीनदार आपल्या मनानं बाहेर पडू शकत नाही. कर्जदात्याला मान्य असा दुसरा जामीनदार द्यावा लागतो आणि तसं कुणी पुढे येत नव्हतं.

दुचाकीच्या नोंदीवर ११ नोव्हेंबरलाच दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हरकत नोंदवली. डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तर आलं की कर्जदात्यानं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. भाऊ खचले. पहिली हरकत अशी परत येणं काही विशेष नाही, बऱ्याचदा कुणीतरी नाव आणि जन्मतारीख बघून टिक मारतो. दुसऱ्या खेपेला आम्ही थेट त्या कर्जदात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. सोबत पॅन आणि पत्त्याचा पुरावा जोडला आणि एकच सरळ मागणी केली: तुमच्या कर्जाच्या फाइलवरचा पॅन आणि वडिलांचं नाव यांच्याशी हे ताडून बघा. ६ जानेवारीला नोंद निघाली. अशा तक्रारीवर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तो पत्रात लिहिला होता. त्यामुळे काम हललं की नाही सांगता येणार नाही, पण लिहायला पैसे पडत नाहीत. तिथेही दाद लागली नसती तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची होती.

मिटवलेल्या कार्डाचं काम सगळ्यात लांबलं. उरलेले पैसे भरायचे आहेत म्हटल्यावर बँकेच्या फोनवरच्या माणसालाच प्रश्न पडला. एकदा ७१,००० सांगितले, एकदा "खातं आमच्याकडे नाही" असं. शाखेत लेखी अर्ज दिल्यावर माफ झालेले ३८,४०० भरून घेऊन खातं पूर्ण फेडलं म्हणून बंद करायचं ठरलं. मी भाऊंना एकाच गोष्टीवर अडून बसायला सांगितलं होतं: पत्र आधी, पैसे नंतर. किती भरायचे, भरल्यावर अहवालात काय कळवणार आणि किती दिवसांत, हे बँकेच्या कागदावर आल्याशिवाय रुपयाही द्यायचा नाही. वसुलीवाल्यानं मध्येच स्वतःचा यूपीआय क्रमांक पाठवला, त्यावर काही पाठवलं नाही. पैसे फेब्रुवारीत थेट कार्डाच्या खात्यात भरले. थकबाकी नसल्याचा दाखला मार्चमध्ये मिळाला आणि एप्रिलच्या अहवालात "सेटल्ड" जाऊन "क्लोज्ड" आलं. जुन्या उशिराच्या नोंदी तशाच राहिल्या, पैसे भरले म्हणून त्या पुसल्या जात नाहीत.

हे ३८,४०० भरावेत का, यावर दोघांमध्ये वाद झाला होता. बँकेनं कायद्यानं सोडलेले पैसे आपण होऊन का द्यायचे, असं भाऊंचं म्हणणं. ते चूक नव्हतं. गृहकर्ज घ्यायचं नसतं तर मीही त्यांना घाई करू नका म्हटलं असतं.

चालू कार्डाचे ४६,००० दिवाळीचा बोनस आणि एक आवर्त ठेव मोडून भरले. भाऊंना कार्ड कात्रीनं कापून टाकायचं होतं. मी नको म्हटलं. चालू कार्ड नीट वापरलं तर दर महिन्याला चांगली नोंद पडते, आणि त्यांच्याकडे तेवढी एकच चांगली नोंद तयार होण्यासारखी होती.

वहिनींसाठी डिसेंबरमध्ये २५,००० च्या मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड काढलं. महिन्याचा गॅस आणि विजेचं बिल त्यावर, पैसे वेळेत. सात महिन्यांत त्यांचा स्वतःचा स्कोअर उभा राहिला.

सात चौकशांचं काही करता येत नव्हतं. नवा अर्ज करायचा नाही, एवढंच. मार्चमध्ये मोठ्या मुलाला सायकल हप्त्यानं घ्यायचं घाटत होतं, ती रोख घेतली.

टोकनाचं काय झालं

बिल्डरनं गुढीपाडव्यापर्यंत फ्लॅट धरून ठेवायचं कबूल केलं होतं, तोंडी. जानेवारीतच तो दुसऱ्याला गेला. पावतीवर "टोकन परत मिळणार नाही" असं छापलेलं, आणि कर्ज नाकारलं गेलं तर काय, यावर एक शब्दही नाही. चार फेऱ्या मारून ५१,००० पैकी ४०,००० परत मिळाले.

निकाल

स्कोअर असा सरकला: ऑक्टोबर २०२४ मध्ये ६११, दुचाकीची नोंद निघाल्यावर जानेवारीत ६४८, मार्चमध्ये ६६२, जूनमध्ये ७०९ आणि जुलैअखेर ७४१. साडेसातशेला पोचला नाहीच.

४ ऑगस्ट २०२५ ला अर्ज केला, फक्त पगाराच्या बँकेत. फ्लॅट त्याच भागातला, चार वर्षं जुना, ३७ लाखांचा. सोबत मी एक पानाचं पत्र लिहून घेतलं होतं: कार्ड का थकलं, कधी पूर्ण फेडलं, दाखल्याची प्रत, दुचाकीची नोंद निघाल्याचा ईमेल, ट्रॅक्टरच्या हप्त्यांच्या पावत्या. शाखाधिकाऱ्यांनी कार्डाबद्दल विचारलंच. भाऊंनी पत्र पुढे केलं. अधिकाऱ्यांनी सहा महिन्यांचा खात्याचा उताराही बारकाईनं बघितला. मागच्या वर्षी मोबाइलच्या कर्जाचा हप्ता दर २ तारखेला परत जायचा, कारण पगार ७ तारखेला होतो. लगेच भरल्यामुळे अहवालात त्याचा मागमूस नव्हता, उताऱ्यात मात्र दिसला असता. ते कर्ज संपलं होतं, म्हणून या वेळी उतारा स्वच्छ होता.

११ सप्टेंबरला २९ लाख मंजूर झाले, आठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता २४,२५७. साडेअकरा टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा ६,६६९ रुपये कमी. पूर्ण मुदतीत हा फरक सोळा लाखांचा होतो. दोन वर्षांनी बदली केली असती असं धरलं, तरी दीड लाखाच्या वर, शुल्काचे ५८,००० वेगळे. यातला काही फरक नशिबाचा आहे, हेही नोंदवतो: फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. थांबायचं ठरवलं तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं.

घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर खरेदी असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यात ३७,००० वाचले. भाऊ कर्जात सहअर्जदार. वडिलांनी गावाहून दोन लाख दिले, तेव्हा कुठे वरची रक्कम जमली.

वेगळं काय करता आलं असतं

टोकनाआधी अहवाल काढला असता तर ११,००० रुपये आणि सात चौकशा दोन्ही वाचल्या असत्या. मी तर म्हणेन, घर बघायला निघण्याच्या वर्षभर आधी काढावा, कारण दुरुस्तीला तेवढा वेळ लागतो. आणि टोकनाच्या पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य हातानं लिहून सही घ्यावी. बिल्डर नाही म्हणाला तर तेही टोकन देण्याआधी कळतं.

पहिल्या नकारानंतर तिथेच थांबायला हवं होतं. नकार का आला हे कळण्याआधी दुसऱ्या दारात जाण्यात काही अर्थ नव्हता.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगायलाच हवी. चालू कार्ड रिकामं झाल्यावर मी भाऊंना "वापरा आणि बिल वेळेत भरा" एवढंच सांगितलं. त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी किराणा, पेट्रोल सगळं कार्डावर केलं, महिन्याला तीसेक हजार, आणि बिल आल्यावर पूर्ण भरलं. त्यांचं काहीच चुकलं नाही. पण अहवालात जातो तो बिल तयार होण्याच्या सुमाराचा आकडा. त्यामुळे तिन्ही महिने मर्यादेच्या साठ टक्के वापर दिसत राहिला आणि स्कोअर जागचा हलेना. मार्चमध्ये मला कारण उमगलं. मग बिलाच्या तारखेच्या चार दिवस आधीच बहुतेक रक्कम भरायची, बिलावर सहा-सात हजारांच्या वर काही ठेवायचं नाही, असं सुरू केलं. मार्चनंतरची चढण बरीचशी त्यानं आली, बाकी जुन्या कार्डाच्या "क्लोज्ड"नं. हे मी नोव्हेंबरातच सांगितलं असतं तर निदान दोन महिने वाचले असते.

जुनं कार्ड फेडण्याचा अर्जही नोव्हेंबरातच द्यायला हवा होता. पैसे फेब्रुवारीत जमणार म्हणून आम्ही अर्ज जानेवारीपर्यंत ढकलला. पत्रव्यवहाराला लागणारा वेळ पैशांची वाट बघत वाया गेला.

जामिनाबद्दल मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. "कुणाला जामीन राहू नका" असं सांगणं सोपं आहे, पण नात्यात आणि गावात राहणाऱ्या माणसाला ते जमत नाही, आणि उद्या त्याला स्वतःला जामीनदार लागतो. हप्त्याची तारीख माहीत हवी आणि पावती दिसायला हवी, एवढं तरी सही करताना मागून घ्यावं. भाऊंना २०२२ पासून हप्त्याची तारीखही माहीत नव्हती. फेब्रुवारी २०२५ चा हप्ताही १२ दिवस उशिरा गेला. जानेवारी २०२५ पासून कर्जदाते या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती पाठवू लागले होते, १५ तारखेला आणि महिनाअखेरीला. हप्ता १२ मार्चला भरला गेला म्हणून नोंद पडली नाही, तीन-चार दिवस आणखी गेले असते तर पडली असती.

ऑगस्टचा हप्ता नेमका गृहकर्जाची फाइल बँकेत असताना येत होता, आणि पैसे देण्याआधी बँक अहवाल पुन्हा काढते. २० ऑगस्टला वहिनींनी स्वतः बहिणीला फोन केला. हा फोन त्यांना नोव्हेंबरात करवला नव्हता. २९ तारखेला संध्याकाळी बहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, भरला. वास्तुशांतीला कधी यायचं ते सांग."

ट्रॅक्टरचे २०२७ पर्यंतचे राहिलेले सगळे हप्ते आता वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेले आहेत.